सख्य आणि संसार : टिळक दांपत्याच्या वाङ्मयातील ईश्वरमैत्रीचा विचार

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्तपर कवितेविषयी लिहिताना मराठी समीक्षक बहुधा एका ठरावीक विधानापाशी येऊन थांबतात. टिळकांनी ख्रिस्ताशी जोडलेले नाते हे वारकरी संतांनी विठ्ठलाशी जोडलेल्या नात्याचेच रूपांतर होय. उपास्य बदलले, उपासनेची रीत तीच राहिली, असे ते विधान. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचे खुद्द टिळकांचेच सांगणे प्रसिद्ध असल्यामुळे ह्या विधानाला आधार नाही असे म्हणता येत नाही. तथापि आधार असणे वेगळे आणि विचार पूर्ण होणे वेगळे. नात्याची जात सांगितली की नात्याची परीक्षा संपली, असा एक समज ह्या विवेचनामागे असतो. दास्य, सख्य, वात्सल्य ही नावे जागच्या जागी लावून आपण मोकळे होतो. ज्याने देवाला मित्र म्हटले त्याने ती मैत्री पुढे रोजच्या जगण्यात कशी निभावली, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेचा नव्हे असे मानून तो आपण चरित्रकारांकडे ढकलतो. टिळकांच्या बाबतीत असे करता येत नाही, असे मला वाटते. कारण त्यांच्या घरातच ह्या मैत्रीचा एक दुसरा ग्रंथ लिहिला गेला, आणि तो मराठी गद्यातील पहिल्या प्रतीच्या ग्रंथांपैकी आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या भाषेत ‘विश्वास’ ह्या शब्दाला श्रद्धा हा अर्थ रूढ झालेला आहे. जो श्रद्धा ठेवतो तो ‘विश्वास ठेवणारा’. पण त्याच भाषेत ‘विश्वासू’ ह्या विशेषणाचा रोख उलट दिशेचा आहे. विश्वासू म्हणजे विश्वास ठेवणारा नव्हे, ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा. विश्वासू कारभारी, विश्वासू नोकर असे आपण म्हणतो तेव्हा विश्वास धन्याचा असतो आणि जबाबदारी नोकराची. हा भेद वरवर व्याकरणाचा वाटतो, परंतु ख्रिस्ती जीवनातील सगळी अडचण त्यात साठवलेली आहे. देवावर विश्वास ठेवणे हे एका क्षणाचे कार्य होऊ शकते. देवाने आपल्यावर विश्वास ठेवावा असे होणे हे एका क्षणाचे कार्य नाही. त्याला वर्षे लागतात, आणि ती वर्षे स्वयंपाकघरात, बाजारात, आजाऱ्याच्या उशाशी, उसनवारीच्या हिशेबात जातात. ‘देवाचा विश्वासू मित्र’ ह्या शब्दप्रयोगात मित्रापेक्षा विश्वासू हा शब्द अधिक जड आहे तो ह्यामुळे.

सख्यभक्ती ही भावनेची गोष्ट आणि बायबलातील मैत्री ही आज्ञापालनाची गोष्ट, अशी एक सोयीची विभागणी कित्येक अभ्यासकांनी केलेली दिसते. ती टिकण्यासारखी नाही. दासबोधाच्या चौथ्या दशकातील आठवा समास सख्यभक्तीचा आहे. दास्याच्या समासानंतर आणि आत्मनिवेदनाच्या आधी तो येतो. ह्या समासात समर्थ भावनेचा विस्तार जवळजवळ करीतच नाहीत. देवाला जे आवडते तसे आपण वागावे, त्याच्या मैत्रीसाठी आपले सुख सोडावे, आपल्या मनासारखे झाले नाही म्हणून त्याच्यावर रुसू नये, असा तेथील उपदेश आहे. त्यात एक कठोर अट अशी की, ह्या सख्यासाठी जिवलगांची ताटातूट झाली तरी ती पत्करावी. ही भाषा व्यवहाराची आहे. मैत्री म्हटली की काही द्यावे लागते, आणि काय द्यावे लागेल ते समर्थांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

आता योहानाच्या शुभवर्तमानातील पंधरावा अध्याय घ्या. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की, ह्यापुढे तो त्यांना दास म्हणणार नाही, मित्र म्हणेल. त्याने दिलेले कारण लक्षात घेण्यासारखे आहे. धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसते. मित्राला ते सांगितलेले असते. म्हणजे येथे मैत्रीचे लक्षण जवळीक नसून माहिती हे आहे. धन्याच्या कामकाजात ज्याला सामील करून घेतले तो मित्र. पण त्याच ठिकाणी आज्ञा पाळण्याची अटही आहे. दासपण गेले तरी आज्ञा गेली नाही. एवढ्यापुरते योहान आणि समर्थ एकाच वाटेने चालतात असे म्हणावयास हरकत नाही. फरक पुढे पडतो. योहानाच्या ह्या अध्यायात जी आज्ञा पाळावयाची ती एकच आहे : तुम्ही एकमेकांवर प्रीती करा. देवाशी मैत्रीची कसोटी अशा रीतीने देवाकडून काढून शेजाऱ्याकडे सोपवलेली आहे. समर्थ म्हणतात जिवलग तुटले तरी चालेल. योहान म्हणतो, जिवलग जोडून ठेवण्यातच मैत्री आहे. अर्थात नव्या करारातही ताटातुटीची वचने आहेत. लूकच्या चौदाव्या अध्यायात आईबाप, बायकामुले ह्यांच्याविषयी जे सांगितले आहे ते समर्थांच्या अटीपेक्षा सौम्य नाही. तेव्हा तिढा हिंदू आणि ख्रिस्ती असा नसून ख्रिस्ती विचाराच्या आतलाच आहे. देवाच्या मित्राने घर सोडावयाचे की घर धरावयाचे?

टिळकांच्या आयुष्यात हा तिढा १८९५ साली १० फेब्रुवारीस प्रत्यक्ष उभा राहिला. त्या दिवशी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा दत्तू त्या वेळी जवळ नव्हते, आणि ह्या पावलात पत्नीची संमती नव्हती. टिळकांनी ताटातूट पत्करली असे आपण म्हणतो. वस्तुतः ताटातुटीचा मोठा वाटा ज्या व्यक्तीने सोसला तिने ती पत्करलेली नव्हती. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. ब्राह्मण घरातील, नवरा जिवंत असून नसल्यासारखी झालेली स्त्री, एवढे म्हटले म्हणजे त्या काळाच्या वाचकास अधिक सांगावे लागत नाही. योहानाचे लक्षण येथे लावून पाहिले तर निष्कर्ष अवघड निघतो. मित्राला धन्याचे कामकाज ठाऊक असते. येथे देवाच्या मित्राने स्वतःच्या पत्नीला मात्र दासाच्या जागी ठेवले, तिला काही ठाऊक नव्हते.

ह्या प्रसंगावरून टिळकांना दोषी ठरवावे असा माझा हेतू नाही. त्यांच्या कवितेचे एक वैशिष्ट्य मात्र ह्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसते. त्यांच्या ख्रिस्तपर अभंगांत आणि पदांत मित्राचे नाते येते खरे, परंतु खोलवर भिनलेले नाते आहे ते आईचे. ख्रिस्त हा त्यांचा गुरू आणि तोच माउली. मराठी मंडळ्यांतील उपासनेत त्यांची पदे आजही गायिली जातात. ती गाणाऱ्या कोणासही आर्जव, लाड, रुसवा, कुशीत शिरणे ही भावस्थिती ओळखीची वाटेल. ती अस्सल आहे, आणि तिचे मूळ ज्ञानोबा-तुकोबांत आहे हेही उघड आहे. परंतु माउलीचे लेकरू जबाबदार नसते. लेकराला घरचा जमाखर्च कोणी विचारीत नाही, ते विश्वासू आहे की नाही असा प्रश्नच उद्भवत नाही. वात्सल्यात चुकीला जागा आहे, हिशेबाला नाही. टिळकांना फुलामुलांचा कवी म्हणण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही ती परीक्षेत इमानाने लिहितात. ह्या बिरुदाचा थोडासा संबंध ईश्वराशी असलेल्या त्यांच्या नात्याशीही असावा, हे मात्र कोणी लिहिताना आढळत नाही.

हिशेब ठेवला तो ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथाने. १९३४ ते १९३६ ह्या काळात तो चार भागांत निघाला. लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ च्या फेब्रुवारीत झाले. ह्या ग्रंथाच्या भाषेची, विनोदाची, निरागसतेची स्तुती इतकी झाली आहे की तिच्यात भर घालण्याचे कारण नाही. किंबहुना त्या स्तुतीनेच एक नुकसान केले. निरागस म्हणून गौरविलेल्या पुस्तकात विचार असू शकतो, ही शक्यताच वाचकाच्या मनातून निघून गेली.

ग्रंथाच्या रचनेकडे पाहावे. धर्मांतराची आत्मचरित्रे सामान्यतः एका शिखराकडे चढत जातात. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे मराठीतील त्याचे उत्तम उदाहरण. शंका, वाचन, वादविवाद, कुटुंबाचा विरोध आणि १८५४ साली बेळगावास झालेला बाप्तिस्मा अशी त्याची चढण आहे. बाप्तिस्म्यापाशी कथेचे प्रयोजन संपते. नावातच उजाडणे आहे, दिवस नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा ग्रंथाच्या शेवटी नसून मध्ये येतो. १९०० साली तो झाला, आणि त्यानंतर पुस्तक थांबत नाही. मुले येतात, पाहुणे येतात, पैसे संपतात, बदल्या होतात, मरणे होतात. बाप्तिस्म्यापूर्वीचा आणि नंतरचा दिवस एकाच चालीने सांगितला जातो. श्रद्धेचा क्षण लहान आणि विश्वासूपणाची वर्षे लांब, हे प्रमाण रचनेनेच राखलेले आहे. लेखिकेने ते हेतुपूर्वक राखले असे मी म्हणत नाही. जगणे ज्या प्रमाणात झाले त्या प्रमाणात तिने लिहिले, आणि ते प्रमाण बिघडविण्याइतकी ती धर्मपंडित नव्हती.

ग्रंथाच्या आरंभी तिच्या वडिलांचे चित्र आहे. त्यांचे सोवळे विकाराच्या सीमेवर गेलेले होते. बाजारातून आलेल्या मीठ-साखरेसारख्या वस्तूसुद्धा धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट असे. वाचक हसतो, आणि हसण्याच्या भरात हे विसरतो की मीठ धुणाऱ्या घरातील मुलगी पुढे कोणत्याही जातीच्या अनाथ मुलांना आपल्या पंगतीस बसविणार आहे. ह्या दोन टोकांमधला प्रवास पतीच्या उपदेशाने झालेला नाही. टिळकांकडे परत आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक सांभाळला, आणि टिळकांनी तो सांभाळू दिला. ह्या ठिकाणी टिळकांच्या पदरी श्रेय टाकलेच पाहिजे. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, हा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी झगडून घेतला, आणि तो बाप्तिस्म्याच्या आधी घेतला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी शेजारी, मग देव. योहानाच्या पंधराव्या अध्यायातील आज्ञा त्यांनी, ती आज्ञा म्हणून स्वीकारण्यापूर्वीच, पाळावयास सुरुवात केली होती.

छप्पनच्या दुष्काळात आणि त्यानंतरही टिळकांच्या घरी निराधार मुले आली. ती आणीत बहुधा टिळक, आणि सांभाळीत लक्ष्मीबाई. टिळकांचे औदार्य हा ‘स्मृतिचित्रे’मधील विनोदाचा एक अखंड झरा आहे. हाती आलेला पैसा कोणत्या वाटेने जाईल ह्याचा भरवसा नसे. घरात काय आहे हे न पाहता पाहुण्याला जेवावयास बसविण्यात त्यांना संकोच वाटत नसे. येथे मला उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायाची आठवण होते. याकोबाच्या पत्रात ज्याला देवाचा मित्र असे नाव दिले तो अब्राहाम मम्रेच्या झाडांपाशी दुपारच्या उन्हात तंबूच्या दारी बसला आहे. तीन अनोळखी पाहुणे दिसतात. तो धावतो, त्यांना राहवून घेतो, आणि मग तंबूत जाऊन साराला सांगतो : तीन मापे सपीठ लवकर मळ, भाकरी कर. तीन मापे सपीठ म्हणजे थोडेथोडके नव्हे. अतिथिधर्माचे पुण्य अब्राहामाच्या नावावर आहे. मळणारे हात साराचे आहेत. पुढे पाहुण्यांच्या तोंडचे वचन ऐकून तंबूच्या आड सारा मनाशी हसते, आणि तिला हसल्याबद्दल विचारले जाते तेव्हा नाकबूल होते.

सगळ्या जुन्या करारात मला ह्या प्रसंगाइतका घरगुती प्रसंग दुसरा आठवत नाही. मैत्रीच्या दोन्ही बाजू त्यात आहेत. ह्याच अध्यायात देव स्वतःशी म्हणतो की आपण जे करणार ते अब्राहामापासून कसे लपवावे. आणि अब्राहाम सदोमातील लोकांसाठी पन्नासांपासून दहांपर्यंत घासाघीस करतो. मित्राला कामकाज ठाऊक असणे आणि मित्राने दुसऱ्यांसाठी भांडणे, ही योहानाची लक्षणे येथे आधीच उमटली आहेत. परंतु ज्या तंबूत ही मैत्री घडली तो तंबू चालविणारी स्त्री मैत्रीच्या गणतीत नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे, माझ्या मते, तंबूच्या आतून लिहिलेले आहे. साराने हसणे नाकारले. लक्ष्मीबाईंनी नाकारले नाही, छापले.

ह्या हसण्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. ते तक्रारीचे हसणे नाही, आणि ‘आम्हां बायकांचे नशीबच असे’ ह्या जातीचेही नाही. पतीच्या वेडेपणात काहीतरी खरे आहे हे तिला कळलेले आहे, आणि त्या खऱ्याची किंमत घरात कोण मोजतो हेही तिला कळलेले आहे. ही दोन ज्ञाने एकत्र ठेवण्यासाठी तिच्यापाशी विनोद हे एकच साधन होते. विनोद सुटला असता तर एक तर भाबडे पतिस्तोत्र झाले असते, नाही तर आरोपपत्र.

आपल्या परंपरेत देव घरकामात हातभार लावीत आलेला आहे. जनाबाईबरोबर विठ्ठल दळतो, गोवऱ्या वेचतो. पश्चिमेकडे सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातील बंधू लॉरेन्स ह्याने स्वयंपाकघरातील भांड्यांच्या खडखडाटात देवाशी अखंड संभाषण चालविले. ते काम त्याला मुळात आवडत नसे, हे त्याच्याविषयीच्या टिपणांत नमूद आहे, आणि म्हणूनच ती टिपणे विश्वसनीय वाटतात. लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात असे कोणी येत नाही. जात्याला कोणी हात लावीत नाही, भांड्यांतून कोणी बोलत नाही. उलट खाणारी तोंडे वाढतात. जनाबाई दासी असली तरी एकटी, लॉरेन्स ब्रह्मचारी. त्यांच्या मैत्रीत तिसऱ्याची अडचण नव्हती. संसारी ख्रिस्ती माणसाला देव भेटावयाचा तर तो तिसऱ्याच्या रूपानेच भेटणार, आणि तो बहुधा अवेळी आणि उपाशी येणार.

येथे एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाई स्वतःला देवाची मैत्रीण म्हणवीत नाहीत. धर्मशास्त्रीय परिभाषा त्यांच्या गद्यात जवळपास नाही. मग सख्याची ही चौकट मी त्यांच्यावर लादतो आहे काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याला अंशतः मान दिलाच पाहिजे. परंतु विश्वासू हे विशेषण कोणी स्वतःस लावून घेत नाही. ते दुसऱ्याने लावावयाचे असते. स्वतःला विश्वासू म्हणविणाऱ्या नोकराला कोणी तिजोरीची किल्ली देत नाही. ह्या ग्रंथात नात्याचे नाव नाही, ही उणीव मानण्यापेक्षा त्या नात्याची रीतच मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

टिळकांच्या बाजूनेही काही सांगावयाचे राहते. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा उद्योग आरंभला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुभावाने असावेत अशी त्यांची कल्पना होती. नाव दरबार, पण कल्पना मैत्रीची. माउलीच्या कुशीतून बाहेर पडून कवी येथे सोबत्यांच्या वर्तुळात आलेला दिसतो. हा बदल त्यांच्या शेवटच्या वर्षांतील कवितेत कितपत उतरला ह्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस त्यांचे निधन झाले, आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

त्यांच्या मागे अपुरे राहिलेले दुसरे काम म्हणजे ‘ख्रिस्तायन’. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या स्त्रीला १८९५ साली काहीही ठाऊक नव्हते तिच्याच हाती टिळकांचे ख्रिस्तचरित्र अर्धवट सोपविले गेले, आणि त्याचा फार मोठा भाग तिने रचला. पतीच्या लेखणीने कोठे विसावा घेतला आणि पत्नीची कोठून सुरू झाली हे प्रकरणांच्या अनुक्रमावरून कळतेच. परंतु ओवीच्या चालीत, शब्दांच्या निवडीत, ख्रिस्ताला संबोधण्याच्या रीतीत तो सांधा कोठे जाणवतो आणि कोठे जाणवत नाही, हे आमच्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने ओवीगणिक तपासून पाहावे. संबोधनांची साधी यादी करून सुरुवात केली तरी पुरे : माउली किती वेळा, धनी किती वेळा, सखा किती वेळा, आणि कोणाच्या भागात.